डिंगी : एका शिकाऊ होडीचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आखाडा बाळापूर हे गाव आहे. हळद, सोयाबीन आणि कापूस पिकविणारा हा मुलूख. येथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर. अशा गावाचे नाव घेऊन शिडाच्या होडीविषयी लिहावयास बसणे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु ज्या होडीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, ती गेल्या पाऊणशे वर्षांत समुद्राकडून हळूहळू आत, तळ्यांकडे आणि धरणांकडे सरकत आली आहे. तिच्या इतिहासातील अलीकडची काही उद्बोधक पाने तर समुद्रापासून दूर जन्मलेल्या मुलामुलींनी लिहिली आहेत. म्हणून ही हकीकत जितकी वसई-उत्तनच्या वाचकांची, तितकीच मराठवाड्यातील आमच्या कुटुंबांचीही आहे.

प्रथम नावाविषयी. या होडीला जगभर 'डिंगी' म्हणतात. शब्द इंग्रजी वाटतो खरा, पण तो मुळात आपल्याकडचा. हिंदी आणि बंगालीत नदीवरच्या लहान होडीला डिंगी म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या खलाशांनी तो शब्द उचलला आणि मोठ्या जहाजावरून धक्क्यापर्यंत ये-जा करणाऱ्या छोट्या होडीला लावला. पुढे विलायतेत हौशी लोक अशा होड्यांना शीड बांधून शर्यती लावू लागले आणि शब्दाला नवा अर्थ मिळाला. मराठीतला 'डोंगा' त्याच घराण्यातील दिसतो. नद्यांवर पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात पैनगंगा किंवा गोदावरी ओलांडावयाची, तर डोंग्याखेरीज गत्यंतर नसे, हे मराठवाड्यातील जुनी माणसे सांगतात. तेव्हा होडी ही वस्तू बाळापूरच्या परिसराला परकी नव्हे. परके आहे ते तिच्यावरचे शीड.

आता ही शिकाऊ होडी म्हणजे नेमके काय, ते पाहू. खेळाची डिंगी सामान्यतः अडीच ते पाच मीटर लांबीची असते. तिच्यात एक किंवा दोन माणसे बसतात. मोठ्या यॉटच्या तळाशी शिसे अथवा लोखंड ओतलेला जड कणा असतो. त्यामुळे यॉट सहसा उलटत नाही. डिंगीला असा कणा नसतो. तिच्या मध्यभागी एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. वारा शिडाला आडवा ढकलतो, ही फळी होडीला आडवे सरकू देत नाही, आणि या ओढाताणीतून होडी पुढे जाते. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. पण थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढीत ती वाऱ्याच्या उगमाकडे पोहोचू शकते. शर्यतीत एक बोया वाऱ्याच्या दिशेला मुद्दाम ठेवलेला असतो, तो याच कौशल्याची परीक्षा घेण्यासाठी.

जड कणा नसल्यामुळे डिंगीचा तोल बसणाऱ्याच्या शरीरानेच सांभाळावा लागतो. वारा वाढला की काठावर बसून अंग बाहेर झुकवावयाचे, वारा पडला की आत यावयाचे, एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. चूक झाली तर होडी उलटते. उलटलेल्या होडीच्या सेंटरबोर्डवर उभे राहून तिला पुन्हा सरळ करणे, हा शिकणाऱ्याचा अगदी पहिला धडा असतो. होडीत गुरुजी बसलेले नसतात. ते बचावाच्या होडीतून दूरवरून पाहत असतात. दहा वर्षांच्या मुलाने वारा कोठून येतो हे स्वतः ओळखावयाचे, निर्णय स्वतः घ्यावयाचा आणि त्याचे फळ क्षणार्धात स्वतः भोगावयाचे, अशी ही शाळा आहे.

या शाळेची दारे सामान्य मुलांना उघडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यापूर्वी शर्यतीची होडी म्हणजे कुशल सुतारांनी महिनोन्‌महिने खपून बांधलेली महागडी वस्तू होती. युद्धकाळात विमाने आणि होड्या बांधण्यासाठी पाण्याला दाद न देणारे सरस व मजबूत प्लायवूड मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. युद्ध संपल्यावर ते बाजारात आले, आणि सपाट तक्ते कापून, जोडून घरच्या अंगणात होडी बांधणे शक्य झाले.

१९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर या गावी, 'ऑप्टिमिस्ट क्लब' या सेवाभावी मंडळाचे एक कार्यकर्ते मेजर क्लिफर्ड मॅके यांनी क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्यास एक विनंती केली. मुलांसाठी अशी होडी करा, की जिला पन्नास डॉलरपेक्षा कमी खर्च येईल आणि जी बापलेकांना मिळून बांधता येईल. मिल्स यांनी आठ फूट लांबीच्या प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून एक चौकोनी तोंडाची, पेटीसारखी होडी काढली. तक्ता आठ फुटी, म्हणून होडीही आठ फुटांच्या आतली. क्लबच्या नावावरून तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट', म्हणजे आशावादी, असे पडले. दिसावयास ती काही देखणी नव्हती. जाणत्यांनी तिला आंघोळीचे टप म्हणून हिणविलेही. पण १९५४ नंतर ती डेन्मार्कमार्गे युरोपात गेली आणि आज सुमारे २.३ मीटर लांबीची, ३५ किलो वजनाची ही होडी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जगन्मान्य पहिली होडी ठरली आहे.

इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांनी हेच कार्य केले. १९४७ मध्ये त्यांनी दोन मुलांसाठी 'कॅडेट' ही होडी रेखाटली आणि १९५६ मध्ये 'एंटरप्राइज'. आपल्या देशाच्या दृष्टीने ही दुसरी होडी विशेष महत्त्वाची. लांबी सुमारे चार मीटर, रुंदी १.६ मीटर, वजन नव्वद किलोंच्या घरात, दोन माणसे, दोन शिडे, आणि शिडांचा रंग निळा. 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्राने तिचा पुरस्कार केला होता. या होडीचा मजबूतपणा लोकांना पटावा म्हणून १९५६ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, दोन नमुना होड्यांनी रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडून दाखविली. वृत्तपत्र काही वर्षांतच बंद पडले. होडी मात्र टिकली. तिचे वीस हजारांहून अधिक नमुने जगभर बांधले गेले.

आपल्याकडे हौशी शिडाच्या होड्या आल्या त्या साहेबांबरोबर. मुंबईचा यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला आणि १८७६ मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली. पुण्यात मुळा-मुठेच्या पाण्यावर १८६८ पासून रॉयल कनॉट बोट क्लब आहे. या संस्था गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या. त्या काळी बंदरातले मचवे आणि गलबते हाकणारे तांडेल, खलाशी, कोळी हे पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यावर पोसलेले लोक होते. पण शर्यतीच्या होडीवर त्यांना स्थान असलेच तर दोऱ्या ओढण्याचे. पोटासाठी शीड उभारणारा एकीकडे आणि मौजेसाठी उभारणारा दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. स्वातंत्र्यानंतर पहिली फट पडली ती धनिकांच्या क्लबातून नव्हे, सैनिकी शिक्षणातून.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारीत खडकवासल्यास सुरू झाली. तेथील जलाशयाच्या 'पीकॉक बे' नावाच्या भागात तिन्ही दलांचे छात्र शीड हाताळावयास शिकू लागले. पुढे पायदळात जाणारा पंजाबचा किंवा विदर्भाचा तरुणही तेथे काही काळ होडीवाला होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की खडकवासल्याचे पाणी पुणेकर पितात. शिडाच्या होडीला इंजिन नसते, तेल नसते, धूर नसतो, म्हणून पिण्याच्या पाण्यावरही ती नांदू शकते.

त्याच सुमारास, १९५२ मध्ये, राष्ट्रीय छात्रसेनेला नौदलाची शाखा जोडली गेली. शाळा-महाविद्यालयांतील नौदल छात्रांच्या हाती एंटरप्राइज आली, आणि छात्रसेनेच्या स्पर्धांत ती पुढे अनेक वर्षे वापरली गेली. कराचीत १९३८ साली सुरू झालेली सी कॅडेट कोअर ही संघटना फाळणीनंतर मुंबईत आली आणि कुलाब्याच्या पाण्यावर मुलांना शिकवू लागली. १९६० मध्ये यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही देशव्यापी संस्था निघाली. ज्याच्या बापाची होडी नाही अशा मुलालाही आता सुकाणू धरावयास मिळू लागले.

या पेरणीचे पीक मुंबईकरांनी १९८२ साली पाहिले. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती मुंबई बंदरात भरविण्यात आल्या. 'फायरबॉल' नावाच्या दोघांच्या वेगवान डिंगीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. एंटरप्राइजचे सुवर्णपदक मात्र पाकिस्तानला गेले. कराचीचे बैराम आवारी यांनी १९७८ मध्ये ते एका सहकाऱ्यासह जिंकले होते. या खेपेस त्यांच्या होडीत त्यांच्या पत्नी गोश्पी आवारी होत्या. आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी महिला. मुंबईचे विजेते आणि कराचीचे विजेते, दोन्ही पारशी. एक लहानसा समाज सीमेच्या दोन्ही बाजूंस विखुरला, आणि त्याची दोन्हीकडची माणसे एकाच बंदरात आपापल्या देशाचा झेंडा घेऊन उभी राहिली.

एका होडीत पती-पत्नी समान जबाबदारीने बसतात, ही गोष्ट आमच्या किनाऱ्यावरील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. आमच्या मासेमारी गावांत होडी पुरुषांची आणि बाजार बाईचा, अशी कामांची वाटणी चालत आली. घराचा सारा हिशेब सांभाळणाऱ्या स्त्रीच्या हाती सुकाणू कधी आले नाही. डिंगीने हा भेद पाळला नाही, कारण तिच्यात बळापेक्षा वाऱ्याची जाण आणि शरीराचा तोल यांना मोल असते.

यानंतर कथा समुद्र सोडून आत वळते. हे वळण समजण्यासाठी आणखी एका होडीची ओळख करून घेतली पाहिजे. कॅनडात वाढलेल्या ब्रूस कर्बी यांनी रेखाटलेली 'लेझर' ही एका माणसाची डिंगी १९७१ मध्ये बाजारात आली. फायबर काचेचे सुमारे ४.२ मीटर लांबीचे अंग, ५९ किलोंच्या आसपास वजन, एकच शीड. ती मोटारीच्या टपावर बांधून नेता येते. तिचे वैशिष्ट्य असे, की होडीचे अंग तेच ठेवून लहान, मध्यम किंवा मोठे शीड चढविता येते. सर्वांत लहान शीड ४.७ चौरस मीटरांचे, किशोरवयीन आणि हलक्या शरीराच्या खेळाडूंसाठी. १९९६ पासून ही होडी ऑलिंपिकमध्ये आहे, आणि आता तिला 'इल्का' या नावाने ओळखतात. अशी होडी कोठेही नेता येते, मग तळे का नको?

आखाडा बाळापूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. १९५६ पर्यंत ही या मुलखाची राजधानीच होती. कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी मराठवाड्यातील माणूस तिकडेच जाई. त्या हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांच्या मध्ये हुसेन सागर आहे. कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव. सिकंदराबादला भारतीय लष्कराच्या ईएमई दलाचे मोठे केंद्र आहे. त्या दलाच्या सेलिंग असोसिएशनने या तलावावर लेझरच्या स्पर्धा दरसाल भरविण्याची प्रथा पाडली, आणि देशभरचे खेळाडू समुद्र सोडून दख्खनच्या पठारावर शर्यतीस येऊ लागले. अलीकडच्या काळात यॉट क्लब ऑफ हैदराबाद या संस्थेने त्याच तलावावर गरीब वस्त्यांतील आणि सरकारी निवासी शाळांतील मुलामुलींना ऑप्टिमिस्टवर शिकविण्याचे काम हाती घेतले आहे.

तळ्यावरचा वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा एकसुरी नसतो. सभोवार इमारती, टेकड्या, झाडी. त्यामुळे तो क्षणात वळतो, क्षणात झोत येतो, क्षणात पडतो. अशा पाण्यावर शिकलेल्याची नजर सतत पाण्याच्या पृष्ठभागावरील काळसर लहरींवर असते, कारण पुढचा झोत तेथे आधी दिसतो. समुद्राखेरीज नाविक घडत नाहीत, हा समज किती चुकीचा, हे पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आमच्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. गालीलचा 'समुद्र' हे मुळात एक गोड्या पाण्याचे तळे आहे, सुमारे २१ किलोमीटर लांबीचे. डोंगरांमधून अचानक उतरणारा वारा त्या तळ्यावरही अनुभवी कोळ्यांची परीक्षा पाहत असे.

तळ्याच्या शाळेचा पुरावा म्हणून भोपाळकडे पाहावे. मध्य प्रदेशास समुद्राचा एक हात किनाराही नाही. तरी भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत होशंगाबादच्या सोळा वर्षांच्या हर्षिता तोमरने लेझर ४.७ प्रकारात कांस्यपदक मिळविले. २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौच्या स्पर्धेत त्याच छोट्या शिडाच्या होडीत नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळविले. नेहा ही देवास जिल्ह्यातील अमलताज गावच्या शेतकऱ्याची मुलगी. तेव्हा तिचे वय सतरा. या खेळात पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, असा हिशेब असतो; सर्वांत वाईट शर्यतीचे गुण वगळतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. अकरा शर्यतींत नेहाचे निव्वळ २७ गुण झाले. दिवसामागून दिवस, बदलत्या वाऱ्यात, सातत्याने पुढच्या रांगेत राहिल्याशिवाय हा आकडा येत नाही. त्याआधी, २०२१ मध्ये, चेन्नईची नेत्रा कुमानन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत उतरणारी पहिली भारतीय महिला ठरली होती. तिची होडीही याच घराण्यातील.

या साऱ्या इतिहासातून आम्हास एक गोष्ट ठळकपणे दिसते. ही होडी ज्या ज्या वेळी नव्या हातांत गेली, त्या त्या वेळी तिने नवे माणूस घडविले. साहेबांच्या क्लबातून ती छात्रांकडे आली, बंदरातून तळ्यावर आली, आणि अखेर शेतकऱ्याच्या लेकीकडे आली. होडी तीच, वारा तोच. फरक पडला तो तिला धरू देण्यात. मुलांच्या अंगी गुण नव्हते म्हणून इतकी वर्षे गेली नाहीत. तळे होते, मूल होते, मधली होडी कोणी आणून दिली नव्हती.

आता आपल्या घराकडे वळू. आमचा किनारा एके काळी शिडांचा होता. वसईजवळची आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. आमच्या आजोबांना खारा वारा केव्हा सुटेल आणि मतलई केव्हा, हे घड्याळ न पाहता कळत असे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांना इंजिने आली. कष्ट वाचले, जीव वाचले, मिळकत वाढली. त्याबद्दल कोणीही खंत करू नये. पण शिडाबरोबर वाऱ्याची ओळखही घरातून गेली. आज अर्नाळा, उत्तन, गोराई, मनोरी येथील कित्येक मुलांनी वाऱ्यावर चालणारी होडी जवळून पाहिलेली नाही. मालाडजवळ मार्वे येथे लष्कराचे शिडाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्या गावांच्या समोरच्याच पाण्यावर निरनिराळ्या प्रांतांतून आलेले जवान शीड शिकतात, आणि ज्यांच्या पणजोबांनी त्या पाण्यावर शिडे उभारली त्यांची पोरे काठावरून पाहतात.

मराठवाड्याची गोष्ट वेगळी आणि अधिक हळवी आहे. बाळापूरच्या उत्तरेस पैनगंगेवर इसापूरचे विस्तीर्ण धरण आहे. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर आहेत. दुष्काळाशी झुंजणाऱ्या या भागाला या पाण्याने पीक दिले. परंतु त्यासाठी अनेकांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या मुलांना त्या पाण्याशी काय नाते उरले? कालव्याची पाळी, टंचाईची चर्चा, आणि 'पाण्याकडे जाऊ नको' ही आईची ताकीद. ताकीद रास्तच आहे. पोहता न येणारी मुले दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे बुडतात, आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारे मच्छीमारही जिवावर उदार होऊनच उतरतात. परंतु पाण्याची भीती हा पाण्यापासूनचा बचाव नव्हे. बचाव शिकल्याने होतो, आणि शिकाऊ होडीची पहिली अट लाइफ जॅकेट, दुसरी पोहणे, तिसरी बचावाची होडी हीच असते.

उद्याच इसापूरच्या पाण्यावर निळी शिडे उभी राहतील, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी जलसंपदा खात्याची परवानगी, अनुभवी शिक्षक आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागेल. उन्हाळ्यात पाणी आटते, त्याचाही विचार करावा लागेल. पण काही गोष्टी आजही पालकांच्या हाती आहेत. मुलामुलींना पोहावयास शिकवावे. महाविद्यालय निवडताना तेथे छात्रसेनेची नौदल शाखा आहे काय, हे विचारावे. सुटीत हैदराबादला गेलात, तर चारमिनार पाहून झाल्यावर हुसेन सागराच्या काठी थोडा वेळ थांबावे आणि शिडे दिसली तर ती कोण हाकीत आहे, ते मुलांना दाखवावे. आणि मुलीने होडीत बसण्याचा हट्ट धरला, तर तिला आधी नको म्हणून मग कारण शोधू नये. अमलताजच्या शेतकऱ्याने आपल्या मुलीला तलावाकडे जाऊ दिले, एवढ्यावरच पुढचे सारे घडले.